जागा मोकळी झाली, पण माती?

कारखाना बंद पडला, यंत्रे भंगारात गेली आणि धुराडे पाडले, की आपण म्हणतो, 'जागा मोकळी झाली.' हा शब्दप्रयोग मला अलीकडे खटकू लागला आहे. चहूबाजूंनी वस्ती वाढत असताना मधोमध उरलेल्या अशा विस्तीर्ण जागेची चर्चा हटकून इमारती किती मजल्यांच्या, बाग केवढी आणि गाड्या कुठे लावायच्या इथूनच सुरू होते. जणू तिथे आजवर नुसते गवत वाढत होते. पन्नास-साठ वर्षे चाललेल्या कारखान्याखालची जमीन मोकळी नसते. ती भरलेली असते, फक्त कशाने भरली आहे ते वरून दिसत नाही.

माझे म्हणणे असे की मजल्यांविषयी एक शब्द निघण्याआधी त्या जागेच्या मातीचा आणि भूजलाचा तपासणी अहवाल शेजाऱ्यांच्या हाती पडला पाहिजे, आणि सफाईचा खर्च जमिनीच्या किमतीतून वजा व्हायला हवा, इमारतीच्या उंचीतून वसूल होता कामा नये.

मातीत काय असते हे त्या जागेवर कोणता उद्योग होता यावर ठरते. कोळशापासून गॅस बनवणाऱ्या कारखान्याखाली कोळशाचे डांबर, बेंझिन आणि सायनाइडची संयुगे सापडतात. चामडे कमावण्याच्या किंवा धातूंना मुलामा देण्याच्या जागी क्रोमियम. रंग आणि बॅटऱ्यांच्या जागी शिसे. यंत्रांचे सुटे भाग धुण्यासाठी वापरले जाणारे ट्रायक्लोरोएथिलीनसारखे द्रावक सर्वांत फसवे, कारण ते पाण्यापेक्षा जड असल्यामुळे भूजलाच्याही खाली उतरतात, तिथून वर्षानुवर्षे पसरत राहतात, आणि त्यांची वाफ मातीतून वर चढून फरशीच्या भेगांवाटे घरात शिरते. पाच फूट माती काढून टाकली म्हणजे काम झाले, असे या बाबतीत म्हणता येत नाही. नेदरलँड्समधील लेकरकेर्क या गावात 1970च्या दशकात रासायनिक कचऱ्याच्या भरावावर घरे बांधली गेली. 1980 साली ते उघडकीस आले आणि अडीचशेहून अधिक कुटुंबांना घर सोडावे लागले. तिथला भराव उपसावा लागला तो घरे उभी राहिल्यानंतर.

म्हणून आराखडा मातीवरून ठरावा, मातीला आराखड्यात कोंबू नये. अमेरिकेतील सिअॅटल शहरातला गॅस निर्मितीचा कारखाना 1956 साली बंद झाला, 1962 साली शहराने ती जागा घेतली, आणि भूदृश्य रचनाकार रिचर्ड हाग यांनी तिथे उद्यान करायचे ठरवले. जुने मनोरे त्यांनी पाडले नाहीत. मातीत सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा मिसळून, जिवाणूंकडून तेलकट प्रदूषणाचे विघटन करवण्याचा प्रयोग त्यांनी केला आणि मोडतोडीच्या ढिगाऱ्यावर माती घालून टेकडी उभारली. 1975 साली उद्यान खुले झाले. या कथेचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही: 1984 साली प्रदूषणाच्या तपासणीसाठी ते काही महिने बंद ठेवावे लागले, आणि तिथून लगतच्या तळ्यात उतरायला त्यानंतरही मनाई राहिली. तरीही तिथे उद्यान करण्याचा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. चालायला, बसायला, पतंग उडवायला जी माती चालते, तीच तळमजल्यावरच्या पाळणाघराखाली चालत नाही, हा फरक तिथे ओळखला गेला. जर्मनीतील ड्युइसबुर्ग येथे 1985 साली बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या सुमारे 180 हेक्टर जागेवर भूदृश्य रचनाकार पेटर लाट्झ यांनी अशाच विचाराने उद्यान रचले. तिथल्या जुन्या गॅसटाकीत पाणी भरून आता पाणबुडे सराव करतात. याउलट जिथे घरे आणि मैदाने हवीच होती, तिथे माती खरोखरच धुवावी लागली. लंडनच्या ऑलिंपिक उद्यानासाठी सुमारे 20 लाख टन माती साफ करण्यात आली. म्हणजे ते अशक्य नाही. खर्चिक आहे.

खर्चाचा विषय निघाला की चर्चेला हमखास एक वळण मिळते. विकासक सांगतो की सफाई महाग आहे, तेव्हा वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त मजले बांधायची परवानगी, द्या, नाहीतर प्रकल्प परवडत नाही. ऐकायला हे रास्त वाटते, पण शेजारी शेजारी असलेल्या दोन सारख्या भूखंडांची कल्पना करून पाहा. एकाची माती स्वच्छ आहे, दुसऱ्याची विषारी. समंजस खरेदीदार दुसऱ्या भूखंडासाठी सफाईच्या खर्चाइतकी रक्कम कमीच देईल. त्याने दोन्हींना सारखाच भाव दिला असेल, तर एक तर त्याचा व्यवहार चुकला, किंवा तूट नियोजन खात्याकडून भरून घेता येईल हा हिशेब त्याने आधीच करून ठेवला होता. दोन्ही बाबतींत वाढीव मजल्यांचा भार परिसराच्या रस्त्यांवर, पाण्यावर आणि शाळांवर पडतो, आणि ज्याने माती बिघडवली तो पुरा भाव घेऊन निघून जातो. प्रदूषण करणाऱ्याने खर्च सोसावा हे तत्त्व आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने 1972 साली मांडले आणि पर्यावरण व विकासावरील रिओच्या 1992च्या जाहीरनाम्यात ते सोळावे तत्त्व म्हणून आले. अडचण एवढीच, की जमीन विकली जाते त्या टेबलावर त्याची आठवण कोणाला होत नाही.

यावरचा आक्षेप मला मान्य आहे, निदान अर्धा. जबाबदारी फार कठोर केली तर अशा जागेला कोणी हात लावत नाही. अमेरिकेत प्रदूषित जागांच्या सफाईसाठी केलेल्या 1980च्या सुपरफंड कायद्याने आजच्या मालकालाही जुन्या प्रदूषणासाठी जबाबदार धरण्याची सोय केली, आणि धास्तावलेले खरेदीदार अशा जागा टाळून शहराबाहेरच्या कोऱ्या जमिनींकडे वळू लागले. अखेर 2002 साली कायद्यात दुरुस्ती करून, नीट चौकशी करून प्रामाणिकपणे जागा घेणाऱ्याला संरक्षण द्यावे लागले. कुंपण घालून वीस वर्षे पडून राहिलेली जमीनही शेजाऱ्यांना त्रासच देते. मूळ कंपनी बुडालेली असेल, तर सार्वजनिक पैसा घालण्यालाही माझी हरकत नाही. मात्र तो अंदाजपत्रकात आकड्याच्या रूपात दिसावा, आणि त्याच्या बदल्यात मिळणारी परवडणारी घरे किंवा सार्वजनिक जागा करारात लिहिलेली असावी. मजल्यांच्या रूपाने दिलेली मदत कोणत्याच हिशेबात दिसत नाही, म्हणून ती मला नको.

तपासणीविषयी एक गोष्ट, जी अहवालांत क्वचितच आढळते. जागेचा इतिहास जुने नकाशे आणि परवाने पाहून लिहिला जातो, त्यावरून कुठे खोदून नमुने घ्यायचे ते ठरते. पण कोणता हौद गळत होता, रात्रपाळीत पिंप कुठे उपडे केले जात आणि पावसाळ्यात कोणत्या कोपऱ्यातल्या पाण्यावर तवंग येई, हे कोणत्याही नकाशात नसते. ते तिथे राबलेल्या कामगारांना ठाऊक असते. नमुन्यांच्या जागा ठरवण्यापूर्वी त्यांना रीतसर बोलावून त्यांची माहिती नोंदवायला कितीसा वेळ लागतो? भोंग्याच्या आठवणींचे प्रदर्शन भरवताना त्यांना बोलावले जाते, तेव्हा हेही विचारून घ्यावे.

सगळी माती काढणे शक्य नसते, तेव्हा वर स्वच्छ मातीचा किंवा काँक्रीटचा थर देऊन ती झाकली जाते. ही पद्धत वाईट नाही, पण ती सफाई नव्हे. झाकण सांभाळावे लागते, आणि तीस वर्षांनी तिथे पाइप टाकायला खड्डा खणणाऱ्याला खाली काय आहे हे कळावे लागते. अमेरिकेतील नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉल या अर्धवट खणलेल्या कालव्यात एका रासायनिक कंपनीने 1942 ते 1953 या काळात सुमारे 21,000 टन कचरा टाकला, तो मातीने झाकला आणि ती जागा अवघ्या 1 डॉलरला शाळा मंडळाला दिली. खाली रासायनिक कचरा आहे, हे त्या खरेदीखतात लिहिलेले होते. तिथे शाळा बांधली गेली, भोवती घरे उठली, आणि 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना आणीबाणी जाहीर करावी लागली. खरेदीखतातला इशारा भोवतालची घरे घेणाऱ्यांपर्यंत पोहोचलाच नव्हता.