न्यायालयाने क्रॅकला परवानगी दिलेली नाही

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने वसतिगृहातून एक फिरता संदेश मला पाठवला आणि खाली लिहिले, ‘मावशी, बघ, कोर्टानेच परवानगी दिली आहे.’ दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानुसार विद्यार्थी कॉलेजच्या नेटवर्कवर कोणतीही फाइल वाटू शकतात, लॅनला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत नेटवर्कला, कायदा लागू नाही आणि पैसे घेतले नाहीत तर गुन्हाच होत नाही, असे त्यात ठामपणे म्हटले आहे.

यांतला पहिला दावा सर्वांत घातक आहे, कारण खऱ्या निकालाचे नाव घेऊन तो धादांत खोटे सांगतो. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला होता, आणि वाद होता तो अभ्यासक्रमाला नेमलेल्या उताऱ्यांच्या झेरॉक्स संचांचा. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ शिक्षकाला व विद्यार्थ्याला अध्यापनाच्या ओघात प्रत काढू देते, म्हणून न्यायालयाने ते संच वैध मानले. मात्र डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने, अध्यापनाच्या प्रयोजनाला जेवढे आवश्यक तेवढेच, ही मर्यादाही स्पष्ट केली. यात चित्रपट कुठे आला? क्रॅक केलेले, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेले, सॉफ्टवेअर कुठे आले? भाच्याच्या ‘सेम ५’ या सामायिक फोल्डरमध्ये प्राध्यापकांच्या नोट्सशेजारीच एक क्रॅक होता आणि सोबतच्या मजकुरात पहिलीच सूचना होती, ‘अँटिव्हायरस बंद करा’. ते फोल्डर साठ मुलांच्या लॅपटॉपवर उघडते, याची मला खरी धास्ती वाटते.

लॅनचा मुद्दा तर निरर्थकच आहे; प्रत तारेतून गेली की पेनड्राइव्हवरून, हे कायदा विचारत नाही.

पैशांच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, हे मान्य करावे लागेल. बेकायदा सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरल्यास कलम ६३ब नुसार किमान सात दिवस कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. वापर नफ्यासाठी नसेल तर सबळ कारणे असल्यास न्यायालय कैद टाळू शकते. तरीही पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो आणि गुन्हा हा गुन्हाच राहतो.

नोट्स राहू दे, क्रॅक आज रात्रीच काढ आणि गणितासाठी मोफत मिळणारे ऑक्टेव्ह हे सॉफ्टवेअर बसव, असे मी त्याला कळवले आहे.