फोन वाजत नाही म्हणून क्रेडिट कार्ड काढू नका

आज १ ऑगस्ट. ज्यांच्या घरात बेसबॉल खेळणारं पोर नाही त्यांना या तारखेचं काही सोयरसुतक नाही. पण ज्यांचं पोर यंदा ज्युनियर इयरला, म्हणजे आपल्या हिशोबाने अकरावीत जाणार आहे, त्यांच्याकडे कालपासून फोन शंभर टक्के चार्ज करून डायनिंग टेबलावर मधोमध ठेवलेला असतो. कारण डिव्हिजन वनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-खेळाच्या सगळ्यात वरच्या पातळीच्या, कोचना या मुलांशी थेट बोलायची परवानगी आजपासून. त्याआधी फोन नाही, मेसेज नाही.

संध्याकाळी मी पोळ्या करत होते आणि इथल्या मराठी मंडळातल्या एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. "वहिनी, दिवसभरात एकदाही वाजला नाही हो." आवाज इतका पडलेला की मला वाटलं घरात कुणाचं काही बरंवाईट झालं. मुलगा कॅचर आहे त्यांचा, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा मागे बसून बॉल पकडणारा. चांगला आहे, मी पाहिलाय. मग हळूहळू पुढचं बाहेर आलं. दुपारी एका रिक्रूटिंग, म्हणजे कॉलेजच्या संघात मुलाची निवड व्हावी यासाठीच्या, सल्लागाराशी त्यांची व्हिडिओ मीटिंग झाली. त्या महाशयांनी मुलाला एकही बॉल पकडताना न बघता सांगितलं, "याच्यात डी-वन पोटेन्शियल आहे, फक्त एक्स्पोजर कमी पडतंय." आणि मग पॅकेज. चार आकडी डॉलर. आज रात्री बारापर्यंत भरले तर सवलत.

रात्री बारापर्यंत! पैठणीचा सेल आहे का?

मी गॅस बंद केला आणि त्यांना आधी सांगितलं की कार्ड पाकिटात ठेवा. मग आमच्या सासूबाईंच्या व्हिडिओची गोष्ट सांगितली. इथल्या बऱ्याच जणांनी ती ऐकलीय, पण ती पुन्हा सांगणार आहे, आज मला कुणी अडवू नका.

आमचा मुलगा सेकंड बेस खेळतो, म्हणजे दुसऱ्या बेसजवळ फील्डिंग करतो. उंची बेताची, हात चांगले, पाय बरे. त्या उन्हाळ्यात सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. न्यू जर्सीतला जुलै, टर्फवरून नुसत्या वाफा येतायत, आणि या बाई नऊवारी नाही तरी सुती पातळ आणि पायात स्पोर्ट शूज घालून बॅकस्टॉपच्या जाळीमागे फोल्डिंग खुर्चीत. पर्समध्ये चिवडा. डगआउटमधली सगळी पोरं त्यांच्याकडे चिवडा मागायला यायची, सूर्यफुलाच्या बिया सोडून. मुलाने त्यांच्या हातात फोन दिला, म्हणाला, आजी, नुसता माझ्याकडे धरून ठेव. त्यांनी धरला. बंद कुठून करायचा हे काही त्यांना सापडलं नाही. त्यामुळे अख्खी इनिंग न कापता आली. वरच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा, आणि मागून आवाज, "अरे पळ की लेका! पळ, पळ!"

पोराने तो व्हिडिओ तसाच्या तसा एका कोचला पाठवला. पेन्सिल्व्हेनियातलं एक छोटं डिव्हिजन थ्री, म्हणजे तिसऱ्या पातळीवर खेळणारं, कॉलेज. सोबत चार ओळींची मेल, त्यात एक स्पेलिंग चुकलेलं. त्या मेलमध्ये काय होतं तर नाव, कुठल्या वर्षी हायस्कूल संपतं, मैदानातली जागा, मार्क, आणि तुमच्या कॉलेजात मला काय शिकायचंय. खाली पुढच्या दोन शनिवार-रविवारचे सामने, मैदान नंबर कितवं, जर्सी नंबर किती.

कोचचा फोन आला. पहिला प्रश्न, ती ओरडणारी बाई कोण?

आता लोकांना वाटतं ही गंमत आहे. गंमत आहेच. पण मुद्दा त्या न कापलेल्या इनिंगमध्ये आहे. एका हाय चॉपवर, म्हणजे जमिनीवर आपटून उंच उडालेल्या फटक्यावर, पोराच्या हातून बॉल सुटला होता. पैसे देऊन बनवलेल्या हायलाइट व्हिडिओत तो आधी कापला असता, मागे ढॅणढॅण संगीत टाकलं असतं, नाव गरागरा फिरत आलं असतं. इथे कोचला दिसलं की बॉल सुटल्यावर पोराने काय केलं. ग्लोव्ह आपटला नाही, आकाशाकडे बघितलं नाही, पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, काहीतरी बोलला आणि पुढच्या पिचला दोन पावलं डावीकडे सरकून उभा राहिला. कोचने फोनवर त्याबद्दल विचारलं, का सरकलास? पोराकडे उत्तर होतं, कारण सरकला तोच होता. ते उत्तर विकत घेता येत नाही हो.

आता जरा आकडे, कारण सल्लागार हे सांगत नाहीत. डिव्हिजन वनमध्ये वर्षानुवर्षं एका बेसबॉल संघाला जास्तीत जास्त ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्या देता यायच्या. अमेरिकन फुटबॉलसारखं सगळ्यांना पूर्ण फी माफ असं कधीच नव्हतं. त्या पावणेबाराचे तुकडे करून सत्तावीस मुलांपर्यंत वाटायचे, कुणाला पाव, कुणाला त्याहून थोडं जास्त. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने कॉलेज-खेळाडूंच्या पैशांच्या खटल्यातली ती मोठी तडजोड मंजूर केली, आता त्यात सामील झालेल्या कॉलेजांना शिष्यवृत्तीची मर्यादा नाही, पण संघात खेळाडू ३४ च. मर्यादा गेली म्हणजे पैसा आला असं नाही, बहुतेक कॉलेजांकडे तेवढा नाहीच. आणि जागा मात्र मोजून. वर ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंची यादी. कोचला उद्या शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) हवा असेल तर तो सतरा वर्षांचं पोर घेऊन दोन वर्षं वाट बघेल, की दुसऱ्या कॉलेजात तीन वर्षं खेळलेला, दाढीमिशा आलेला बावीस वर्षांचा गडी उचलेल? शिवाय मेजर लीगचा ड्राफ्ट, म्हणजे व्यावसायिक संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं, पूर्वी चाळीस फेऱ्यांचा होता, २०२१ पासून वीस फेऱ्यांचा झाला. म्हणजे जी मुलं पूर्वी प्रो व्हायला निघून जायची त्यातली पुष्कळ आता कॉलेजातच. एवढी गर्दी आहे आणि हे म्हणतात एक्स्पोजर कमी पडतंय.

आणि आपल्या लोकांचं काय सांगावं. मुलगा जरा बरा खेळला की मंडळाच्या ग्रुपवर लगेच फॉरवर्ड. बघा, अर्जुन निम्मला! फ्लोरिडातला मुलगा, आईवडील भारतातून आलेले, २०२३ ला मेजर लीगच्या ब्लू जेज संघाने पहिल्या फेरीत विसावा घेतला. बघा, कुमार रॉकर, आई भारतीय वंशाची! मला दोघांचंही अतोनात कौतुक आहे. कुमारने २०१९ मध्ये व्हँडरबिल्टकडून ड्यूकविरुद्ध एकोणीस स्ट्राइकआउट घेत नो-हिटर टाकला होता, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिली नाही, आमच्या घरी आरडाओरडा झाला होता. पण २०२१ मध्ये मेजर लीगच्या मेट्स संघाने दहावा निवडूनही त्याच्याशी करार केला नाही, हे कुणी फॉरवर्ड करत नाही. एवढ्या प्रतिभेच्या मुलाला एक वर्ष थांबावं लागलं. आपल्या पोराचं काय घेऊन बसलात!

याच्या उलट दुसरा पंथ. "बेसबॉलवर एवढा वेळ घालवण्यापेक्षा एसएटीचा क्लास लावा." या मंडळींना मी दिवाळीच्या कार्यक्रमात भरपूर ऐकून घेतलंय. तुमची मुलं बुद्धिबळाला नेता, स्पेलिंग बीला नेता, तेव्हा मी काही बोलते का?

त्यांना एक गोष्ट कळत नाही आणि पॅकेज विकणाऱ्यांना ती सांगायची नसते. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, एक डॉलर नाही. पण मार्कांवर आणि घरच्या परिस्थितीवर मदत मिळते. आणि तिथे एमआयटी आहे, जॉन्स हॉपकिन्स आहे, एमोरी, टफ्ट्स, शिकागो विद्यापीठ आहे. सगळ्यांचे बेसबॉल संघ आहेत. अशा कॉलेजांचे कोच अकरावी संपल्यावर उन्हाळ्यात मुलाचं मार्कशीट मागून घेतात आणि ॲडमिशन ऑफिसकडे पाठवतात, याला प्री-रीड म्हणतात. तिथून होकारार्थी खूण आली की मगच कोच पुढे बोलतो. सांगा, आपल्या घरातल्या पोराकडे याहून मोठं हत्यार कुठलं? केमिस्ट्रीचे मार्क हेसुद्धा रिक्रूटिंगच आहे! सासूबाईंच्या त्या व्हिडिओनंतर कोचचा दुसरा प्रश्न मार्कशीटचाच होता. तिसरा कसलाच नव्हता, तो बघायला आला.

(डिव्हिजन थ्रीला १ ऑगस्टची अटही नाही. तिथले कोच आधीपासून मेलला उत्तर देऊ शकतात. टेबलावर ठेवलेल्या फोनकडे डोळे लावून बसलेल्या आयांनो, ऐकताय ना.)

आता शोकेसचं, म्हणजे पैसे भरून कोचांसमोर खेळून दाखवायच्या मेळाव्यांचं. उन्हाळाभर जॉर्जिया, फ्लोरिडा, हॉटेल, पेट्रोल, प्रत्येक शोकेसचे शेकड्यांनी डॉलर. साठ यार्ड पळा, बॅटवरून बॉल किती मैलांनी सुटतो ते मोजा, कॅचर असाल तर दुसऱ्या बेसपर्यंत बॉल किती सेकंदात पोचतो ते मोजा, नंबर घ्या, घरी जा. मान्य, पोरगा ताशी नव्वद मैलांनी पिच टाकत असेल तर रडार गन धरून बसलेल्यांसमोर त्याला न्यायलाच हवं, तो आकडा आईने सांगून कुणी मानत नाही. बरं, झालं मान्य करून. पण बाकीच्यांनी आधी स्टॉपवॉच घेऊन शाळेच्या मैदानावर मोजा ना. फुकट आहे. दुसऱ्या बेसवर बॉल दोन सेकंदांच्या आसपास पोचत नसेल तर तो तिकडे जॉर्जियातही पोचणार नाही, तिथली हवा काही वेगळी नाही.

आणि ती कॅम्पची आमंत्रणं! "डिअर प्लेयर, वुई हॅव बीन फॉलोइंग यू." कसलं फॉलोइंग. अशा मेल ढिगाने जातात, कॅम्पच्या फीमधून असिस्टंट कोचांचे पगार भागतात. ज्या मेलमध्ये तुमच्या पोराच्या कुठल्या सामन्यातल्या कुठल्या खेळाबद्दल एक वाक्य असेल, ती खरी. बाकी सगळ्या जाहिराती.

त्या गृहस्थांना हे सगळं सांगताना माझा आवाज चढला होता. ते गप्प. मग म्हणाले, "वहिनी, त्याला वाटतंय माझ्याकडे पैसे नाहीत म्हणून राहिलं." एप्रिलमध्ये त्यांची नोकरी गेलीय. मला माहीत होतं आणि बोलण्याच्या भरात मी विसरले नव्हते, पण हे असं ऐकल्यावर काय बोलायचं ते सुचेना. बाप म्हणून माणूस कुठे कुठे हळवा होतो. पॅकेज विकणाऱ्याला हे नेमकं कळतं, आणि म्हणूनच मला त्याचा संताप येतो. तो बेसबॉल विकतच नाही. आपण पोरासाठी सगळं केलं, हे समाधान विकतो.

मग आम्ही शांतपणे बसून, म्हणजे फोनवरच, एक काम केलं. त्यांना म्हटलं, पेन्सिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्समधली पोराला शिकायला आवडतील अशी कॉलेजं काढा. त्यांच्या बेसबॉल संघाची यादी वेबसाइटवर उघडी असते. त्यात कॅचर किती, त्यातले पोरगा पोचेल तोवर बाहेर पडणारे किती, त्यांची उंची-वजन काय, कुठल्या राज्यांतून आलेत, ते बघा. जिथे तीनही कॅचर फर्स्ट इयरला आहेत तिथे देव आला तरी जागा नाही. जिथे दोघे बाहेर पडतायत तिथे आज मेल. हेड कोचला नाही, ज्याच्या नावापुढे रिक्रूटिंग कोऑर्डिनेटर लिहिलंय त्या असिस्टंटला. आणि शाळेच्या कोचला मुलाने जाऊन सरळ विचारायचं, मी कुठल्या पातळीवर खेळू शकतो, खरं सांगा. उत्तर आवडो न आवडो. त्या कोचने एखाद्या कॉलेजला उचलून केलेला एक फोन तुमच्या पॅकेजच्या शंभर मेलांना भारी असतो.

पंधरा मिनिटांत त्यांना अशी दोन कॉलेजं सापडली. आवाज बदलला त्यांचा. मुलगा मागून काहीतरी बोलत होता, पप्पा, यांचा कॅचर सीनियर आहे, शेवटच्या वर्षाला.

आणि हो, व्हिडिओ. कॅचरचा मागून आणि बाजूने घ्या. संगीत नको. कुणाची आजी आलेली असेल तर तिच्या हातात द्या. आमच्या सासूबाईंना मी नंतर सांगितलं की तुमच्या व्हिडिओवरून नातवाला कोचने बघायला यायचं ठरवलं, तर म्हणाल्या, "विजय हजारे आमच्या सांगलीचे, मला काय खेळ कळत नाही होय?" हजारे क्रिकेटचे, हे त्यांना सांगायची आमच्यात कुणाची हिंमत नाही. तसं ते त्यांना माहीतच आहे.

कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, "ज्या आईबापांना दोन-दोन नोकऱ्या आहेत, ज्यांना ही सिस्टिम कळत नाही, त्यांना सल्लागाराचा आधार वाटतो." वाटत असेल. त्यांच्यासाठी शाळेत काउन्सेलर असतो, त्याला पगार मिळतो, त्याच्या दारात जाऊन बसा. आणि कॉलेजचा खेळाचा विभाग वेबसाइटवर जो प्रश्नावलीचा फॉर्म ठेवतो तो भरायला कुणाला पैसे द्यायचे नसतात. ज्युनियर कॉलेजचा, म्हणजे हायस्कूलनंतरच्या इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजचा, रस्ताही आहे, दोन वर्षं तिथे खेळून पुढे जाणारी कितीतरी मुलं आहेत. आपल्याकडे त्याचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात. मुरडा.

आणखी एक, मग थांबते. मेल मुलाने लिहायची. तुम्ही नाही. सामन्यानंतर कोच बोलायला आला तर तुम्ही गाडीकडे चालू लागायचं. बॅग पोराने उचलायची, तुम्ही नाही. कोच लांबून हे सगळं बघत असतात, आणि आईच्या खांद्यावर बॅट बॅग दिसली की त्यांची वही मिटते.

ज्यांना आमच्या पोराची ती चार ओळींची मेल नमुन्याला हवी असेल त्यांना देईन. फुकट, रात्री बारानंतरही. पण इनबॉक्समध्ये मेसेज मुलाने करायचा. बापाचा आला तर उत्तर मिळणार नाही.