वनस्पती औषध आहे ना, मग मात्रा सांगा

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘जांभळाच्या बियांचे चूर्ण घ्या आणि इन्सुलिनला कायमचा रामराम ठोका’ असा संदेश आला आणि त्याखाली शिकल्यासवरलेल्या मंडळींनी हात जोडल्याची चित्रे टाकली, तेव्हापासून माझे डोके भणभणते आहे.

वनस्पतींवर माझा राग नाही. त्यांच्यात गुण आहे, असेच मी म्हणतो. गुडमारचे पान चावून वर साखर खाल्ली तर ती वाळूसारखी बेचव लागते. मेथीच्या दाण्यांतील बुळबुळीत तंतू आतड्यातील साखरेचे शोषण मंदावतो. मधुमेहावरच्या ज्या मेटफॉर्मिन या औषधाला आपण ‘केमिकल’ म्हणून नाक मुरडतो, त्याचे मूळही युरोपातील गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीपर्यंत जाते. तिच्यातील गॅलेजिन साखर उतरवत असे, पण ते विषारी होते. म्हणून त्याच्याशी नाते सांगणारे सौम्य रसायन शोधावे लागले आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या ज्याँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिनचा मधुमेहींवरील उपयोग प्रसिद्ध केला.

माझ्या आत्याने गुडमार, कारले आणि मेथी यांचे म्हणून मिळालेले चूर्ण डॉक्टरांना न सांगता साखर उतरवणाऱ्या रोजच्या ग्लिमेपिराइड गोळीच्या जोडीला सुरू केले होते. एका पहाटे ती घामाने निथळत, असंबद्ध बोलत बसलेली सापडली. ग्लुकोमीटरवर आकडा होता ५२, म्हणजे साखर धोकादायक खाली गेलेली. साखरपाणी पाजल्यावर ती सावरली. चूर्ण निरुपयोगी होते म्हणून हे घडले नाही; बहुधा त्याने काम केले म्हणूनच घडले. डॉक्टरांनी दुसरीही शंका काढली, की त्यात साखर उतरवणारी ॲलोपॅथीची गोळीच कुटून मिसळलेली असू शकते, कारण असे प्रकार यापूर्वी उघडकीस आलेले आहेत. पाकिटावर ना घटक होते, ना प्रमाण.

मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी हे व्यापारी राजरोस दुकान मांडून बसतात. ज्याचे शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही अशा टाइप १ मधुमेहाच्या मुलाचे इन्सुलिन अशा संदेशामुळे बंद झाले, तर काही दिवसांतच त्याच्या जिवावर बेतेल. तेव्हा हात जोडणाऱ्यांपैकी कोण जबाबदारी घेणार आहे?

औषध कंपन्याही काही धर्मादाय करत नाहीत, हे मान्य.

आत्यावर मात्र मला रागावता येत नाही. आयुष्यभर रोज गोळी गिळायची, दर तीन महिन्यांनी एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा, आकडा ऐकायचा आणि दोन मिनिटांच्या तपासणीत ‘गोड बंद करा’ एवढेच ऐकून परतायचे. अशा माणसाला स्वयंपाकघरातील डब्यातली मेथी आपली वाटली तर त्यात नवल ते काय! तिने डॉक्टरांना चूर्णाबद्दल सांगितले नाही, कारण ते चिडतील अशी तिला भीती वाटत होती. रुग्णाला ‘आणखी काय घेता?’ असे शांतपणे विचारायला किती वेळ लागतो?

आता तिच्या गोळीची मात्रा डॉक्टरांनी कमी केली आहे, भिजवलेली मेथी त्यांना सांगूनच सुरू आहे आणि साखरेच्या नोंदी ती वहीत ठेवते. गुडमार पुन्हा घेऊ का, असे तिने विचारले, तेव्हा डॉक्टरांनी घटक आणि प्रमाण लिहून आणायला सांगितले. तिने विक्रेत्याला तीनदा फोन केला. तो दर वेळी फक्त नवीन पाकिटाची किंमत सांगतो.