नेरुळला फायनल झाली म्हणून ठाण्याला राष्ट्रकुल परवडेल असं नाही

अहमदाबादला 2030 चे राष्ट्रकुल खेळ मिळाल्यापासून ठाणे-नवी मुंबईच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मथितार्थ असा: 2 नोव्हेंबर 2025 ला महिला क्रिकेट विश्वचषकाची फायनल नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दणक्यात झाली, तेव्हा आता असेच मोठे बहुक्रीडा खेळ इकडे आणा. कमाई होईल, धंदा वाढेल, मेट्रो येईल, पोरांना मैदानं मिळतील. हेतूबद्दल शंका नाही, हिशेब मात्र सपशेल गंडलाय.

"फायनल जमली, मग हेही जमेल"

फायनल जमली कारण स्टेडियम 2008 पासून उभं होतं, आणि तेही खाजगी पैशातून. बेंगळुरूचे सामने स्पर्धेच्या जेमतेम महिना-सव्वा महिना आधी इथे हलवले तरी निभावलं, ते त्यामुळेच. तयार स्टेडियमलासुद्धा खेळ बदलला की खर्च येतो. 2017 चा 17 वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक इथे झाला, 2022 चा मुलींचाही. फुटबॉलला 105 बाय 68 मीटरचं सलग गवत लागतं आणि क्रिकेटच्या खेळपट्ट्या नेमक्या त्याच्या मधोमध येतात. तिथली चिकणमाती रोलरने दाबून दगडासारखी केलेली असते. वर नुसतं गवत अंथरलं तर मधल्या पट्ट्यात चेंडू वेगळाच उसळतो, पाणी मुरत नाही आणि खेळाडूंचे घोटे धोक्यात येतात. एका मैदानाची ही कथा. राष्ट्रकुलसारख्या स्पर्धेला ट्रॅक, तलाव, इनडोअर हॉल, हजारो खेळाडूंची राहायची सोय, असं सगळं एकाच तारखेला तयार लागतं.

"कोट्यवधींची कमाई होते"

होते, पण कोणाची? प्रक्षेपणाचे हक्क आणि बडे प्रायोजक हा मलिद्याचा भाग मुख्यतः स्पर्धेच्या मालक संघटनेकडे जातो. पोलीस, रस्ते, साफसफाई, तात्पुरते तंबू, जनरेटर, केबल हा खर्च यजमानाच्या गळ्यात. नफ्याचं उदाहरण म्हणून लॉस एंजेलिसचं 1984 चं ऑलिंपिक नेहमी पुढे करतात. तिथे सुमारे 23 कोटी डॉलर उरले खरे. पण शर्यतीत दुसरं शहर उरलं नव्हतं म्हणून अटी त्यांनी घातल्या, आणि मुख्य स्टेडियम जुनंच वापरलं. मॉन्ट्रियलने 1976 च्या ऑलिंपिकसाठी नवं बांधलं, त्याचं कर्ज फिटायला 2006 उजाडलं.

ताजं उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याचं. 2026 चे राष्ट्रकुल खेळ घेतले, 260 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज धरला, आकडा फुगत चाललेला पाहून जुलै 2023 मध्ये माघार घेतली, आणि न भरवलेल्या खेळांपायी 38 कोटी डॉलर भरपाई मोजली. मग ग्लासगोने ते खेळ घेतले ते फक्त 10 क्रीडाप्रकार आणि असलेली चार ठिकाणं एवढ्यावर. नकल करायचीच तर ती ग्लासगोची करा.

"बांधलेलं कायमचं राहतं"

इथेच सगळ्यात मोठी फसगत आहे. राहतं, पण रोज खायला मागतं. साधा हिशेब घ्या: 50 मीटर लांब, 25 मीटर रुंद, 2 मीटर खोल तलाव म्हणजे 25 लाख लिटर पाणी, 10 हजार लिटरचे 250 टँकर. ते एकदा भरून भागत नाही. पोहायला चाळीस पोरं येवोत की चार, पंप दिवसरात्र फिरवून पाणी गाळावं लागतं. आपल्या उकाड्यात पंप बंद पडून क्लोरीन उतरलं की पाणी बघता बघता शेवाळतं. रिओत 2016 च्या ऑलिंपिकला तर ऐन स्पर्धेत डायव्हिंगचा तलाव हिरवा झाला, कारण कोणीतरी हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं आणि त्याने क्लोरीनच निकामी केलं.

सिंथेटिक ट्रॅकचंही तेच. वरचा थर सुमारे 13 मिलिमीटर, खाली डांबर. उतार किंवा गटार चुकलं की आपल्या पावसाचं पाणी थराखाली साचतं, फुगे येतात, ठिगळं टिकत नाहीत. मग सगळा थर उखडून नवा घालायचा.

लंडनसारख्या शहरालाही हे जड गेलं. 2012 च्या ऑलिंपिकचं स्टेडियम फुटबॉलसाठी बदलायला 30 कोटी पौंडांहून जास्त लागले. तिथे खेळणाऱ्या वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबचं ठरलेलं वार्षिक भाडं होतं सुमारे 25 लाख पौंड. भागाकार तुम्हीच करा.

"रिक्षावाले, वडापाववाले, सगळ्यांचा धंदा"

मोठ्या स्पर्धांच्या करारात स्टेडियमभोवती एक पट्टा आखलेला असतो. त्यात प्रायोजकांचाच माल विकायचा. ब्राझीलमध्ये 2014 च्या फुटबॉल विश्वचषकाआधी साल्वादोरच्या आकाराजे विकणाऱ्या बायांना स्टेडियमजवळ बसू द्यायचं नाही, असं ठरत होतं. आकाराजे म्हणजे डाळीचं तळलेलं वडं, तिकडचा वडापावच म्हणा. त्या बायांनी आंदोलन करून जागा मिळवली. बाकी, कोपरखैरण्याचं कुटुंब सामन्याला गेलं तर त्या रविवारी मॉलला जात नाही. पैसा तोच, खिसा बदलतो. बाहेरगावचा पाहुणा मुक्कामाला आला तरच ती नवी भर.

"मेट्रो येईल"

बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम 2011 ला सुरू झालं, गाडी धावली नोव्हेंबर 2023 ला. मधल्या काळात नेरुळला दोन फुटबॉल विश्वचषक झाले. मेट्रोला काय फरक पडला?

"मुलांना मैदानं मिळतील"

घणसोलीत सुमारे 20 एकर जागा सरकारी क्रीडासंकुलासाठी 2003 पासून राखीव. 2021 मध्ये सरकारने ते संकुल रायगडात, माणगाव तालुक्यातल्या नाणोऱ्याला हलवायचं ठरवलं, म्हणजे घणसोलीपासून शंभरेक किलोमीटरवर. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. त्या जागेसाठी ना कुठल्या फायनलची गरज होती, ना परदेशी पाहुण्यांची.