ओले केस, आकडे आणि पावणेआठची लोकल

गेल्या शुक्रवारी कार्यालयात पोहोचल्यावर प्रसाधनगृहाच्या आरशासमोर मी डोक्यातले पाच आकडे एकेक करून काढले, आणि पाचव्या आकड्याबरोबर तीन केस निघून आले. त्यांची टोके मी दिव्याखाली धरून पाहिली. मुळापासून गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरट गाठ असते. या तिन्ही केसांना ती नव्हती. बोटभर लांबीचे ते तुकडे होते, म्हणजे केस गळले नव्हते, मध्येच तुटले होते. आकड्याचे टोक पाहिले तर त्यावरचा काळा प्लास्टिकचा मणी कधीच निखळून गेलेला होता आणि उघडी पडलेली पत्र्याची धार केसांवरून विळीसारखी फिरत होती.

गेले वर्षभर मला सगळे जण ‘केस गळतात’ या एकाच शब्दाखाली उपदेश करत आले आहेत. कोणी लोह तपासायला सांगितले, कोणी थायरॉइड, कोणी ‘फार विचार करतेस’ असे निदान केले आणि आमच्या भागातल्या एका पार्लरमधल्या बाईंनी तर बाराशे रुपयांची एक बाटली माझ्या गळ्यात मारली. तपासण्या करून घेण्याला माझी हरकत नाही. परंतु दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे हे स्वाभाविक असते, आणि कपाळाजवळचे केस आखूड होऊन ताठ उभे राहतात ते त्या गळण्यामुळे नव्हे, एवढा साधा फरक करण्याची तसदी यांपैकी एकालाही घ्यावीशी वाटली नाही, याचा मला मनापासून राग आहे. ‘तुम्ही केस ओले असताना आकडे लावता का?’ हा प्रश्न मला कोणीही विचारला नाही.

लावते. न लावून काय करू? आमच्या इमारतीत पालिकेचे पाणी सकाळी साडेपाच ते सात या वेळात येते, आणि कमरेपर्यंतचे केस दोन बादल्या पाण्याशिवाय नीट धुतले जात नाहीत. त्यामुळे न्हाणे सकाळीच होते. सव्वासहाला न्हायचे, डबे भरायचे, मुलीची वेणी घालायची आणि सव्वासातला घराबाहेर पडून बोरिवलीहून पावणेआठची गाडी पकडायची, या हिशेबात केस वाळण्यासाठी किती मिनिटे उरतात ते ज्यांनी ‘केस नैसर्गिकरीत्या वाळू द्यावेत’ हे वाक्य लिहिले त्यांनी एकदा येऊन मोजावे. मुंबईच्या जुलैत तर तास-दोन तास मोकळे सोडूनही केस वाळत नाहीत, कारण हवाच ओली असते. दोरीवरचा टॉवेल जिथे दुसऱ्या दिवशीही दमट लागतो, तिथे दाट केसांची काय कथा.

बरे, ओलेच मोकळे सोडून गाडीत चढावे, तर महिलांच्या डब्यात पाऊल ठेवल्याबरोबर मागून आवाज येतो, ‘ताई, केस बांधा ना, तोंडात जातायत.’ त्यांचेही खोटे नाही, कारण ओल्या केसांचा फटकारा कोणाच्या चष्म्यावर बसतो, कोणाच्या पर्सच्या चेनमध्ये बट अडकते आणि अंधेरीला लोंढा आत शिरला की ती बट डोक्यासकट ओढली जाते. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली या मार्गावर खास महिलांची गाडी सुरू केली. आमच्यासाठी अख्खी गाडी आली, परंतु त्या गाडीत चढणाऱ्या बाईला सकाळी केस वाळवण्याइतकी सवड मिळावी, असे काही त्यानंतरच्या तीन दशकांत घडले नाही. त्यामुळे बोरिवलीच्या फलाटावर उभ्या उभ्या केस पिळायचे, बुचडा वळायचा, दातात धरलेला आकडा दोन्ही टोके फाकवून त्यात खुपसायचा, आणि बुचडा ओलसर असल्यामुळे घसरतो म्हणून आणखी दोन आकडे ठोकायचे. हे मी पंधरा वर्षे केले.

आता यात प्रत्यक्ष काय घडते ते ऐका, कारण ते कळल्यापासून माझा राग दुप्पट झाला आहे. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याच्या ताठपणाचा मोठा भाग हायड्रोजन बंधांवर अवलंबून असतो. पाणी आत शिरले की हे बंध सुटतात, केस जाडीने साधारण १५ टक्के फुगतो, वरचे खवले किंचित उचलले जातात आणि केस मऊ पडून कोरड्यापेक्षा सहज ताणला जातो. फसगत नेमकी इथेच होते. ओला केस लगेच तटकन तुटत नाही, निमूटपणे ताणला जातो, आणि म्हणून आपल्याला वाटते की अजून थोडे आवळले तरी चालेल. मग तो आवळलेल्या अवस्थेतच वाळू लागतो, वाळताना आखडतो, आणि दोन्ही बाजूंनी पक्का धरलेला असल्यामुळे हा सगळा ताण आकड्याच्या कडेला आणि मुळाशी येतो. संध्याकाळी आकडा काढल्यावर केसावर जी आडवी मोड दिसते, ती वाळताना बंध पुन्हा त्याच वाकड्या जागी जुळल्याची खूण असते. रोज त्याच जागी आकडा लावला, तर रोज तिथेच मोड पडते, आणि एके दिवशी केस तिथूनच जातो.

क्लचरवाल्यांनी हसू नये. स्वस्त क्लचरच्या दातांवर साच्याची शिवण राहिलेली असते. नखाने चाचपून पाहा, ती खरखरीत लागते. शिवाय त्याच्या स्प्रिंगमध्ये ओली बट एकदा अडकली की ती सोडवताना दहा-बारा केसांचा बळी जातोच. रबरबँडबद्दल तर मी बोलणारच नाही.

घरी सासूबाई फरशीवरचे केस उचलताना दर वेळी म्हणतात, ‘ओले केस बांधू नयेत, आम्ही कधी बांधले नाहीत.’ हे ऐकून माझे डोके फिरत असे, कारण शिकेकाईने न्हाऊन दुपारी गॅलरीत उन्हाकडे पाठ करून बसण्याची सोय त्यांना होती, मला नाही. मात्र परवा त्या न्हाऊन आल्या तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिले. त्यांनी केस पंच्यात गुंडाळून नुसते दाबले, चोळले नाहीत. नंतर केस पाठीवर मोकळे सोडले आणि अगदी शेवटी, टोकाशी, एक सैल गाठ मारली. डोक्याजवळ काही आवळलेले नाही, धातूचा कुठे स्पर्श नाही, आणि तरीही केस उडत नव्हते. चाळीस वर्षे ही बाई माझ्यासमोर हे करत होती, असे लिहिणार होते, पण लग्नाला माझ्या सोळाच वर्षे झाली. सोळा वर्षेही काही कमी नव्हेत.

सोमवारपासून मी हेच करून पाहत आहे. जाड टॉवेलने खसखसा पुसणे बंद केले असून पंच्याने टिपते, रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर जात गुंता सोडवते आणि सैल तिपेडी वेणी घालून शेवटाला कापडी बँड लावते. खांद्यावर जुना पंचा टाकते, कुर्ता भिजत नाही. समोरच्या बटा तेवढ्या पंख्याखाली आधी वाळवते आणि आकडा लावायचाच झाला तर त्या कोरड्या बटांनाच, रोज जागा बदलून लावते. न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल तेल लावते. धुताना केसातून प्रथिन निघून जाते आणि ते खोबरेल तेलाने कमी होते, हे २००३ साली मुंबईतल्याच संशोधकांनी सूर्यफूल तेल व खनिज तेल यांच्याशी तुलना करून दाखवले होते. ड्रायरला मी आजवर शत्रू मानत आले, पण २०११ मध्ये कोरियात झालेल्या एका अभ्यासात १५ सेंटीमीटर अंतरावरून सतत हलवत फिरवलेल्या ड्रायरपेक्षा केस बराच वेळ ओले राहिल्यानेच आतल्या थराला अधिक इजा झालेली आढळली. वरच्या थराला मात्र उष्णतेने अपाय होतोच. म्हणजे ‘आपोआप वाळू द्या’ हा सल्लाही निर्दोष नाही, आणि तो देणारे तो किती थाटात देतात!

रविवारी टेबलाचा खण उपसून सगळे आकडे वर्तमानपत्रावर ओतले. गाडीत दहा रुपयांना एक पाकीट या भावाने घेतलेले एकूण एकोणचाळीस निघाले. त्यांतले दोन्ही टोकांचे मणी शाबूत असलेले अकरा होते, सात गंजलेले होते आणि एकाच्या टोकावर अजून माझाच एक केस गुंडाळलेला होता. ते अकरा ठेवले आणि बाकीचे भंगाराच्या पिशवीत टाकले. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, ‘अगं, निरांजनातली वात सारायला एक तरी ठेवायचा होतास.’