प्रेक्षक पाहिजेत

रस्त्यावर जादू करणाऱ्याच्या धंद्यात हातचलाखी हा सर्वांत सोपा भाग आहे. खरी कसरत असते ती ठाण्यासारख्या शहरात ती चलाखी पाहायला चार माणसे उभी करण्याची. नाणे तळहाताच्या खळग्यात अंगठ्याखालच्या मांसल भागाने दाबून धरायचे आणि हात रिकामा असल्यासारखा सहज हलवायचा, एवढे आरशासमोर सराव करून कोणालाही साधते, कारण आरशाला मध्येच कर्जत लोकल गाठायची नसते.

गर्दी म्हटली की कोणालाही आधी ठाणे स्टेशनच आठवते. शेअर रिक्षाच्या रांगेत प्रेक्षक आयते उभे असतात, त्यांना पळून जाता येत नाही आणि करमणुकीची तर त्यांना नितांत गरज असते. परंतु आपले लक्ष ढळले की कोणीतरी मध्ये घुसणार, या भीतीने रांगेतला ठाणेकर पुढच्याच्या टाचांवरची नजर काढत नाही. समोरच्याची नजर हवी तिकडे वळवणे हाच ज्या विद्येचा पाया, तिने वळतच नसलेल्या नजरेपुढे करावे तरी काय? मी डोळ्यांदेखत नाणे नाहीसे केले, तेव्हा एका गृहस्थांनी तेवढ्यापुरती मान वर केली आणि "रांग मागून आहे" इतकेच सांगितले.

तलावपाळीला संध्याकाळी निवांत माणसे भेटतात, हे खरे. त्यांतली कट्ट्यावरची जोडपी आपल्याकडे कोणी पाहू नये म्हणून आलेली असतात, तेव्हा त्यांच्यासमोर घोळका जमवणे हे पापच. लहान मुले हौसेने येतात, पण आपण ज्या हाताकडे पाहतो त्याच हाताकडे पाहण्याचे सौजन्य त्यांना अजून कोणी शिकवलेले नसते. ती नेमकी दुसऱ्याच हाताकडे बोट दाखवतात. शिवाय प्रेक्षकाकडून मागून घेतलेले नाणे हा या खेळाचा प्राण असतो, आणि हल्ली नाणे मागितले की समोरचा मोबाइल काढून "क्यूआर आहे का?" असे विचारतो. मग स्वतःचेच नाणे काढावे लागते, आणि जादूगाराच्या खिशातून निघालेल्या नाण्यावर कोणाचाही विश्वास बसत नाही.

राहता राहिले निवृत्त आजोबा. हे नेहमी मागच्या बाजूला, म्हणजे जिथून सगळे दिसते तिथेच उभे राहतात. त्यांपैकी एकांनी मला, गाणे, नाच, भविष्यकथन किंवा खेळ अशा कोणत्याही निमित्ताने सार्वजनिक जागी भिक्षा घेणे हे १९५९ च्या कायद्याने भीक मागण्यातच मोडते, हे समजावून सांगितले. त्यानंतर त्यांनी २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याकडे मोर्चा वळवला. ही निव्वळ हातचलाखी आहे, असे मी नम्रपणे म्हणताच, "मग मघाशी जादू म्हणालात ते?" असे विचारून त्यांनी जमलेल्या घोळक्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. त्या संध्याकाळी टाळ्या मिळाल्या त्या त्यांना.

अशा वेळी जुन्या मदाऱ्यांचा हेवा वाटतो. साप-मुंगसाची झुंज दाखवतो, एवढ्या एका आश्वासनावर ते तासभर माणसे थोपवून धरत, शेवटच्या खेळाआधी पैसे गोळा करत, आणि मुंगूस खुंटीला बांधलेलेच राही.

माणसे थोपवून धरण्याचे हे काम माझ्यासाठी गोखले रोडवरचे साडीचे दुकान करते, असा शोध मला सणासुदीच्या दिवसांत लागला. दुकानाबाहेर उभे असलेले नवरे हा जगातला सर्वोत्तम प्रेक्षकवर्ग आहे. त्यांना कुठेही जायचे नसते, गेले तर चालणारही नसते, आणि दोन्ही हातांत पिशव्या असल्यामुळे त्यांना मोबाइल काढता येत नाही. अर्थात त्याच कारणाने त्यांना पत्ता उचलता येत नाही, टाळी वाजवता येत नाही आणि मागच्या खिशातल्या पाकिटापर्यंत तर हात पोहोचतच नाही. त्यांची दाद भुवयांनी घ्यावी लागते. पण त्या भुवया इतक्या मनापासून वर जातात की मी पैशांसाठी टोपी फिरवणेच सोडून दिले आहे.

परवा अशाच एका गृहस्थांच्या हातांत चार पिशव्या होत्या आणि खांद्याला बायकोची पर्स. मी दहाचे नाणे हवेत विरघळवले, त्यांच्या शर्टाच्या कॉलरमागून अलगद बाहेर काढले, आणि त्यांच्या भुवया कपाळाच्या मध्यावर पोहोचल्या, त्याच क्षणी दुकानाचे दार उघडून बाई बाहेर आल्या.

"अहो, सकाळी भाजीवालीला द्यायला दहा रुपये सुटे नाहीत म्हणालात ना?"

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले. बाईंनी माझ्या बोटांतून नाणे घेतले, नवऱ्याच्या खांद्यावरची पर्स उघडून आतल्या कप्प्यात टाकले, चेन ओढली, आणि पाचवी पिशवी त्यांच्या करंगळीत अडकवून त्या समोरच्या दुकानात शिरल्या.