पाचवा पेशंट येईपर्यंत

कुत्र्याला चावायचेच असेल तर त्याने सोमवारी चावावे, अशी समस्त श्वानवर्गाला माझी नम्र विनंती आहे. रविवारी चावा घेतला की रेबीजच्या लशीच्या ०, ३, ७, २८ या दिवसांच्या वेळापत्रकातला सातवा दिवस रविवारी येतो, अठ्ठाविसावाही रविवारीच येतो आणि बिचारा तिसरा दिवस तेवढा बुधवार गाठतो. गुरुवारी चावला तर तिसरा दिवस रविवारी पडतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या ब्रूनोने माझ्या पोटरीसाठी रविवार निवडला आणि त्यामुळे काल, म्हणजे सातव्या दिवशी, मी पुन्हा त्याच अपघात विभागाच्या दारात उभी होते, कारण बाह्यरुग्ण विभागाला सुट्टी असते आणि रेबीजच्या विषाणूला नसते.

खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितले की, नवा केसपेपर काढा आणि जुन्याची झेरॉक्स जोडा. जुना केसपेपर याच खिडकीतून, याच गृहस्थांच्या हातून, याच रुग्णालयाच्या शिक्क्यासह मला मिळाला होता, आणि त्याची प्रत याच रुग्णालयाला मी द्यायची होती. रविवारी सकाळी झेरॉक्सचे दुकान कुठे उघडे असते, हे विचारल्यावर त्यांनी हाताने रस्त्याची दिशा दाखवली. झेरॉक्स या गोष्टीवर माझा जुना राग आहे. शाळेत, बँकेत, रेशनच्या दुकानात ज्या कागदाची मूळ प्रत समोरच्याच्या कपाटात असते, त्याचीच छायाप्रत आपल्याकडे का मागतात, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेले नाही. असो. प्रत आणली, नवा केसपेपर निघाला, त्यावर माझे आडनाव नेहमीप्रमाणे चुकले आणि मी इंजेक्शनच्या खोलीपाशी पोहोचले.

तिथे सिस्टर म्हणाल्या, "काकू, बाहेर बसा. अजून दोघे येऊ द्या, मग बाटली फोडते."

मला आधी वाटले, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली. मग बाकावर बसलेल्या माणसांकडे पाहिले आणि उलगडा झाला. आम्ही तिघे होतो. दोन्ही दंडांत कातडीच्या थरात ०.१ मिलीलिटर टोचायची पद्धत असल्यामुळे १ मिलीलिटरच्या कुपीत पाच जणांचे भागते, आणि एकदा पाणी घालून विरघळवलेली लस काही तासांतच वापरून संपवावी लागते. उरलेली वाया गेली की सिस्टरांना वहीत कारण लिहावे लागते. हिशेब मला कळतो, आणि लस महाग असल्यामुळे ती जपून वापरली पाहिजे हेही मला पटते. परंतु हा सगळा हिशेब ज्याला चावा झाला आहे त्याच्या खात्यावर का मांडायचा? शहरातली आणखी दोन कुत्री किंवा मांजरे आपले काम केव्हा उरकतात, याची वाट मी लाकडी बाकावर बसून का पाहायची? दर रविवारी अमुक वेळी बाटली फोडली जाईल, एवढी एक ओळ त्या दारावरच्या तक्त्याखाली लिहिली असती, तर चावलेली सगळी माणसे त्या वेळी आपण होऊन जमली असती. त्या तक्त्याखाली जागा भरपूर आहे. सध्या तिथे 'येथे थुंकू नये' असे लिहिलेले आहे.

माझ्या शेजारी घरोघरी जेवण पोहोचवणारा एक मुलगा बसला होता. ग्राहकाने दार उघडले, कुत्रे बाहेर आले, मनगटाला चावले, आणि ग्राहकाने काय केले, तर पार्सल नीट आहे ना ते पाहिले. त्याचाही सातवाच दिवस होता. त्याचा फोन सतत वाजत होता, प्रत्येक वेळी तो दाराकडे पाहायचा, सिस्टर मान हलवायच्या आणि तो खाली बसायचा. शेवटी "उद्या बघतो, मावशी" असे म्हणून तो निघून गेला. त्यामुळे आम्ही दोघे उरलो आणि पाचाचा आकडा आणखी लांब गेला. सिस्टरांना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याला थांबायला काय झाले होते?" या वाक्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण अपघात विभागातला एक पाय मोडलेला मनुष्य ते ऐकून उठून बसला.

बऱ्याच वेळाने एक बाई आपल्या मुलांना घेऊन धावत आल्या. मांजरीच्या पिल्लाशी खेळताना तिन्ही मुलांना ओरखडे निघाले होते आणि धाकटा भोकाड पसरून रडत होता. त्या क्षणी मला झालेला आनंद लाज वाटण्यासारखा होता. मी मनातल्या मनात मुले मोजली, पाच भरले, आणि लग्नात वऱ्हाड आल्यासारखी उठून त्या बाईंना सामोरी गेले. बाटली फुटली. रडणाऱ्या मुलाला मी बिस्किटाचा पुडा दिला, त्यामागे माया किती आणि कृतज्ञता किती हे मला सांगता येणार नाही.

पहिल्या दिवसाची कथा वेगळीच आहे. पोटरीतून रक्त आले होते, म्हणजे तिसऱ्या, सर्वांत गंभीर वर्गातली जखम, म्हणजे लशीबरोबर सीरमही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही, हवे. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धरून मी जवळच्या दवाखान्यात गेले, तर तिथे लस होती, सीरम नव्हते. औषधांच्या दुकानात विचारले, तर दुकानदाराने मला धनुर्वाताचे इंजेक्शन घेण्याचा सल्ला दिला, जणू दोन्ही रोग एकाच घरातले आहेत. अखेर याच मोठ्या रुग्णालयात सीरम मिळाले आणि ते जखमेच्या आत व भोवती टोचतात हे कळले. ब्रूनो चावला तेव्हा मी ओरडले नव्हते. तेव्हा ओरडले.

आणि घरी आल्यावर नातेवाईक. सासूबाईंच्या मते जखमेवर चुना लावला असता तर एवढे झालेच नसते. दिरांच्या मते हळद आणि तिखट. थोरल्या चुलतसासऱ्यांचे दुःख निराळे होते. त्यांच्या लहानपणी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, आणि माझे काम दंडावर टिचकी मारल्याइतक्या टोचण्यांत भागते, हे त्यांना सहन होत नव्हते. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस आपल्याकडे २००५ च्या सुमारास बंद झाली असे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी ती चांगली होती असा निर्वाळा दिला.

या साऱ्यात ज्यांच्या कुत्र्यामुळे हे घडले त्या वहिनी अत्यंत शांत आहेत. त्यांचे पहिले वाक्य होते, "तो चावत नाही हो, तो खेळतो." दुसरे होते, "तुम्ही घाबरलात ना, ते त्याला कळते." म्हणजे चूक पोटरीची. हे वाक्य ऐकवणाऱ्या प्रत्येक श्वानमालकाला लिफ्टमध्ये दुसऱ्याच्या कुत्र्याबरोबर तासभर उभे करावे असे माझे फार जुने मत आहे. तिसरे वाक्य होते, "दहा दिवस थांबा, तो ठणठणीत राहिला तर इंजेक्शनची गरजच नाही." दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवायचे असते हे खरे, परंतु लस त्याच दिवशी सुरू करून लक्ष ठेवायचे असते. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि वहिनींच्या निरीक्षणशक्तीवर जीव टांगून ठेवण्याइतकी आमची मैत्री नाही. या रोगात पाणी गिळता येत नाही, म्हणून रात्री मध्येच उठून मी पाण्याचा घोट घेऊन पाहते, नीट गिळता आला की झोपते, आणि यांना वाटते मला तहान लागते.

ब्रूनोचे लसीकरणाचे कार्ड पाहू द्या, अशी मागणी मी पहिल्याच दिवसापासून केली होती. काल रात्री त्याचा फोटो आला. कार्डावर रंगीत स्टिकर आहेत, पशुवैद्यांच्या सह्या आहेत, जंताच्या औषधाच्या तारखा आहेत, 'नाइन इन वन' लशीचेही स्टिकर आहे. रेबीजचा रकाना कोरा आहे. त्याविषयी विचारल्यावर उत्तर आले, "नऊ रोगांची एकत्रच असते ना, त्यात सगळे येते." त्यात रेबीज येत नाही, हे मी मोठ्या अक्षरांत लिहून कळवले. त्यावर त्यांनी हात जोडलेले चिन्ह पाठवले आणि मग पुढचा संदेश आला की, दहा दिवस झाले की तुम्ही अठ्ठाविसाव्या दिवशीचे इंजेक्शन टाळू शकता, उगाच रविवारी त्रास कशाला.

मी ते घेणारच आहे, आणि झेरॉक्स आदल्या दिवशीच काढून ठेवणार आहे. लशीचा पूर्ण कोर्स झालेल्या माणसाला पुन्हा चावा झाला तर ० आणि ३ या दोनच दिवशी लस पुरते आणि सीरम घ्यावे लागत नाही. ब्रूनो जेमतेम दोन वर्षांचा आहे आणि आमच्या इमारतीला लिफ्ट एकच आहे.